दोन डोळ्यांचं घड्याळ

जुनं घड्याळ उघडलं की आत थोडी धूळ सापडतेच. झाकण घट्ट, काच घट्ट, तरी ती आत शिरते कुठून, हे सहा वर्षं परदेशात घड्याळांचं डिझाइन शिकूनही मला कोणी सांगू शकलं नाही. हमीदचाचांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले किस्से माझ्याकडे असेच जमले. मी काही ते गोळा करायला गेले नव्हते. मी गेले होते घड्याळ बनवायला.

कुठलं घड्याळ, ते आधी सांगते. हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरून घेणारं, म्हणजे ऑटोमॅटिक. त्यातच स्टॉपवॉच. चावीच्या वर एक बटण, खाली एक बटण. वरचं दाबलं की मधला लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की परत बारावर. याला क्रोनोग्राफ म्हणतात. रूप मात्र मला जुनंच हवं होतं: सायीच्या रंगाची तबकडी, फुगीर काच, गोल बटणं आणि तबकडीवर डावीउजवीकडे दोन छोट्या तबकड्या. चाचांनी माझं ड्रॉइंग पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "दोन डोयांचं घड्याळ हाय हे. आपल्याकडेच पाहून राहिलं."

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडातून बाहेर जाणारी प्रत्येक बातमी वाईट असायची. कापूस इथे पिकायचा आणि कपडा दुसरीकडे विणला जायचा, हे मी शाळेपासून ऐकत आले होते. माझ्या डोक्यात एवढंच बसलं होतं की निदान एक वस्तू तरी इथे पूर्ण व्हावी. मी रोज सकाळी अमरावतीहून एसटीने परतवाड्याला उतरायचे, तिथून अचलपुरात चाचांच्या दुकानी. अख्ख्या जिल्ह्यात क्रोनोग्राफ उघडून पुन्हा बंद करू शकणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

"मशीन कोठलं लावतं?" चाचांनी विचारलं.

"परदेशातून मागवलंय."

"केस?"

"बंगलोरहून."

"काच, पट्टा?"

"तेही बाहेरूनच."

"मंग बेटा, यात इथलं काय हाय?"

"तुम्ही," मी म्हणाले.

चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं, पुसलं आणि परत लावलं. "चहा सांग," एवढंच म्हणाले.

*

दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. चाचांच्या वडिलांनी घेतलेला. भिंतीवर दोन मोठी घड्याळं शेजारी शेजारी, आणि दोन्हींत नेहमी सात मिनिटांचा फरक. पहिल्या दिवशी मला वाटलं, घड्याळवाल्याच्याच घरी ही तऱ्हा.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. चाचांनी त्याचं घड्याळ पुसून हातात घेतलं आणि विचारलं, "कोणता टाइम लावू? रेडिओचा का डेपोचा?"

"डेपोचाच लावा ना चाचा. रेडिओच्या टाइमनं गाडी थोडी सुटते."

मी नंतर विचारलं की बरोबर वेळ कुठली ते गिऱ्हाइकाला सांगत का नाही. मी नुकती शिकून आले होते. सेकंदाच्या दहाव्या भागावरून आमच्याकडे वर्गात वाद व्हायचे.

"ज्याले बातम्या ऐकायच्या त्याले रेडिओचा," चाचा म्हणाले, "ज्याले घरी जायचं त्याले डेपोचा."

*

दुरुस्त घड्याळ देताना चाचांची एक पद्धत होती. झाकण बंद करायच्या आधी ते झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने महिना, साल आणि त्यांची खूण कोरायचे. ही खूण गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. पुढच्या वेळी उघडणाऱ्यालाच दिसते, आणि पुढच्या वेळी उघडणारे बहुतेक चाचाच असायचे. मग घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत म्हणायचे, "पाच वर्षांनी आणा. तेल बदलून देतो."

हे वाक्य ते सगळ्यांना म्हणायचे. नवरदेवाला म्हणायचे, कंडक्टरला म्हणायचे, फौजदारालाही म्हणायचे. पूर्वी कापूस विकला गेला की लग्नं निघायची आणि लग्नं निघाली की घड्याळं. त्या दिवसांत हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकू यायचं म्हणे. मी आले तेव्हा दोन-तीनदा यायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याहून चाचांचा मुलगा आला. चांगला मुलगा, बापाची काळजी करणारा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, धंद्यात गिऱ्हाईक नाही, आता बास करा, असं त्याने चार दिवस समजावलं. चौथ्या दिवशी चाचा हो म्हणाले. दिवाळीनंतर गाळा मोबाईलवाल्या राजूला द्यायचा आणि चाचांनी पुण्याला जायचं, असं ठरलं.

मला हे कोणी सांगितलं नाही. मला कळलं ते असं: त्या आठवड्यात बोंडे सर त्यांचं घड्याळ न्यायला आले. चाचांनी ते सरांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "सांभाळून वापरा."

सर घड्याळ बांधता बांधता थांबले. "हमीद, अन् बाकीचं?"

"बाकी काही नाही," चाचा म्हणाले.

सर स्टुलावर बसले. तीस वर्षं ज्या दुकानात ते उभ्या उभ्या येऊन जायचे, तिथे मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

मला दिवाळीपर्यंतचा वेळ होता. ज्याला उघडणारं जवळपास कोणी नाही, असं घड्याळ मी कुणाच्या हातावर बांधणार होते?

*

बोंडे सर कोण, ते सांगायला हवं. अमरावतीला आमच्या शाळेत ते पीटीचे सर होते आणि जिल्ह्याच्या सगळ्या स्पर्धांत टाइमकीपर. त्यांच्या हातावर जुना, चावीचा क्रोनोग्राफ असायचा. माझं ड्रॉइंग त्याच्यावरूनच होतं.

मी आठवीत होते. आठशे मीटरच्या शर्यतीत मी शेवटच्या वळणावर तिसरी होते. मग काय झालं मला आठवत नाही, पण मी पहिली आले. सगळे ओरडत होते. सर्टिफिकेटवर नाव लिहिलं, नंबर लिहिला आणि वेळेची जागा रिकामी राहिली. जुना विक्रम मोडला की काय, यावर तिथल्या तिथे दोन गट पडले.

बोंडे सर मैदान ओलांडून माझ्याजवळ आले. खाली बसले. मनगट माझ्यापुढे धरलं. लांब काटा अजून फिरत होता.

"नंदे, म्या दोनी हात वर केले टाळ्या वाजवायले," ते म्हणाले. "बटण दाबायचं राहून गेलं. तुयी शर्यत अजून चालूच हाय."

लोक विचारतात, डिझाइन शिकायला इतक्या लांब आणि तेही घड्याळांचंच कसं काय सुचलं. मी त्यांना वेगवेगळी उत्तरं देते.

*

माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये तबकडीच्या कडेला वेग मोजायची पट्टी होती. जुन्या क्रोनोग्राफवर ती असते. एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबायचं. काटा जिथे थांबेल तो आकडा म्हणजे ताशी वेग. दिसायला फार देखणी.

चाचा म्हणाले, "चालते का पाहू ना. लिहिलं हाय त खरं पाह्यजे."

सरांचं घड्याळ मागून घेतलं आणि आम्ही दोघं अचलपूर स्टेशनवर आमच्या छोट्या रेल्वेत बसलो. गाडी सुटली. पहिला दगड आला, मी बटण दाबलं. काट्याने एक फेरी मारली. या पट्टीचा नियम असा की एका फेरीच्या आत दगड आला तरच आकडा मिळतो, कारण पट्टी साठपासूनच सुरू होते. दुसरी फेरी झाली. मधे गाडी हळू झाली, एक माणूस दुधाची कॅन घेऊन उतरला, त्याने खालूनच कोणाला तरी दुसरी कॅन मागितली. तिसरी फेरी. चौथी फेरी अर्धी झाली तेव्हा दगड आला.

मी घड्याळाकडे बघत राहिले.

"बेटा," चाचा म्हणाले, "या गाडीले काटा नको. कॅलेंडर लाव."

परतताना आम्ही एसटीतही करून पाहिलं. ड्रायव्हरला सांगून पाहिलं, त्याने मनावर घेतलं, गाडी अशी काही पळवली की एक बाई खिडकीतून देवाचं नाव घेऊ लागल्या. या वेळी पहिली फेरी संपायच्या जेमतेम आत दगड आला. "याच्यावर चारशेपर्यंत आकडे कोणासाठी लिहिले हायत?" चाचांनी विचारलं. पट्टी गेली.

*

मग मी दुसरी पट्टी काढली. ही अंतर मोजायची. वीज चमकली की बटण दाबायचं, गडगडाट ऐकू आला की पुन्हा दाबायचं. काटा सांगतो की वीज किती किलोमीटरवर पडली. जुन्या काळी तोफेसाठी वापरायचे, पण मला वाटलं, शेतीच्या मुलखात याचा उपयोग होईल. मी फार उत्साहात होते. दुकानात बसलेल्या सगळ्यांना समजावून सांगितलं.

त्या वर्षी जुलै कोरडा चालला होता. पथ्रोटकडचे एक काका चावी बदलायला येऊन बसले होते. कपाशीची पेरणी दोनदा करून झालेली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. ड्रॉइंग हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"वीज कोठी पडली थे सांगते म्हणतं."

"हो काका."

"अन् पाणी कोठी अडकलं थे?"

कोणी हसलं नाही. काकाही हसले नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या संध्याकाळी मी ती पट्टीसुद्धा खोडली. कडेला फक्त मिनिटांच्या बारीक रेघा उरल्या. तबकडी एकदम मोकळी झाली. मला ती उघडीबोडकी वाटत होती, पण चाचांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "आता झाली जागा. ज्याले जे मोजायचं थे मोजीन."

परदेशातल्या कॉलेजात आम्हाला हेच शिकवायला मास्तरांनी एक आख्खं सत्र घेतलं होतं.

*

मशीन आलं तेव्हा ते आधी साध्या केसमध्ये बसवून चालवून बघायचं ठरलं. ऑटोमॅटिक म्हणजे आत एक अर्धगोल वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि चावी भरते. दुकानाच्या शेजारच्या गल्लीत एक हेडक्लार्क राहायचे, सभ्य, वेळेचे पक्के. घड्याळ त्यांच्या हातावर बांधलं. सोमवारी दिलं. बुधवारी दुपारी ते बंद पडलं.

माझं तोंड उतरलं. दिवाळीला तीनच महिने होते. चाचांनी मशीन उघडलं, अर्धा दिवस एकेक चाक पाहिलं, बंद केलं. काही सापडलं नाही. पुन्हा साहेबांना दिलं. पुन्हा बंद.

मग चाचांनी ते गल्लीच्या तोंडाशी गादीवाल्या पिंजाऱ्याच्या हातावर बांधलं. तो दिवसभर कापूस पिंजायचा. आठ दिवस झाले, घड्याळ एकदाही थांबलं नाही. मधे एकदा पिंजाऱ्याने ते काढून दोन दिवस घरी फळीवर ठेवलं होतं, हेही नंतर कळलं. भरलेल्या चावीवर ते तसंच चालू राहिलं.

साहेब विचारायला आलेच. "काय हो चाचा, काय दोष निघाला मशीनमध्ये?"

"मशीन चालू हाय साहेब," चाचा अदबीने म्हणाले. "ऑफिस बंद हाय."

साहेब मोठ्या मनाचे. हा किस्सा पुढे त्यांनीच ऑफिसात सांगितला. म्हणजे तिथे त्या दिवशी तरी काही काम झालं.

*

तबकडी छापायला मी अकोल्याला गेले. घड्याळाची तबकडी छापतात रबराच्या मऊ गोळ्याने: गोळा शाईच्या साच्यावर दाबायचा, मग तबकडीवर दाबायचा. ते यंत्र अकोल्यात गजूभाऊंकडे होतं. ते त्यावर पेन, कीचेन आणि पाण्याच्या बाटल्यांवर नावं छापायचे आणि बाजूला लग्नपत्रिकांचा मोठा धंदा. हात अतिशय सफाईदार. केसाएवढी रेघ न तुटता उठवायचे. मी चार दिवस त्यांच्या डोक्यावर बसून रंग जुळवला. मला हवी होती ती साय, ते पिवळसर करायचे.

"ताई, हळद लागल्यासारखं चांगलं दिसते."

"गजूभाऊ, हे घड्याळ आहे."

"असू द्या ना. नवरदेवालेच देतीन लोक."

शेवटी जमलं. डबी घेऊन मी एसटीत बसले. पातूरला जाणारं एक कुटुंब चुकून आमच्या गाडीत चढलं, त्यांना उतरवण्यात गाडी दहा मिनिटं थांबली. तेवढ्यात मी डबी उघडली. बारा तबकड्या. एकीपेक्षा एक सुंदर. आणि प्रत्येकीवर बाराच्या खाली, अत्यंत बारीक, अत्यंत सुबक अक्षरांत: ॥ श्री ॥

तिथे घड्याळाचं नाव यायचं होतं. नाव ठरलं नव्हतं म्हणून मी जागा कोरी ठेवायला सांगितली होती. बूथवरून गजूभाऊंना फोन लावला.

"कोरी?" ते म्हणाले. "ताई, तीस वर्षं झाली मले. आपल्या छापखान्यातून श्रीशिवाय काहीच बाहेर पडत नाही. मी समजलो तुमी लिहायचं विसरल्या."

पुन्हा छापायचं तर पुन्हा चार दिवस, आणि कोरे तुकडेही संपले होते. मला जास्त चिंता दुसरीच होती. ही तबकडी ज्यांच्या हाताने बसणार होती, ते पाच वेळा नमाज पढणारे. मी डबी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

चाचांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"अक्षर बरीक सुंदर हाय," ते म्हणाले. मग भिंग काढलं. "बेटा, मी हरेक घड्याळ उघडायच्या आधी बिस्मिल्ला म्हणतो. तुले ऐकू येत नाही, हयू म्हणतो. गजूनं लिहून ठेवलं, एवढाच फरक."

मी तोवर मोकळ्या डिझाइनची कट्टर पुजारीण झाले होते. वर्गात असतं तर मी त्या एका अक्षरावर तासभर भाषण दिलं असतं. ते तसंच राहिलं.

*

त्या दुकानात एक नियम होता, लिहिलेला नाही. स्क्रू पडला की चाचा म्हणायचे, "थांबा." मग आत-बाहेर जो कोणी असेल तो जिथे आहे तिथे थांबायचा. गिऱ्हाईक थांबायचं, चहावाला ट्रे धरून थांबायचा, रस्त्यावरचा ओळखीचा सायकलवाला एक पाय टेकून थांबायचा. अचलपुरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. स्क्रू तिळाच्या निम्मा असतो, चपलेला लागला की गेला.

पहिल्या घड्याळाच्या जुळणीचा दिवस. दसरा होऊन गेला होता. उजवा डोळा दगा द्यायचा म्हणून चाचा भिंग डाव्याला लावून बसले होते. नवी सवय. "थांबा," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. मग मी गुडघ्यावर बसून बॅटरी आडवी धरून फरशी तपासली. टेबलाखाली, स्टुलाखाली, चाचांच्या शर्टाच्या घड्यांत. एक तास गेला. या स्क्रूला जोड नव्हता; दुसरा मागवायचा तर दिवाळी उलटून जाणार होती. चाचा हात मांडीवर ठेवून बसले होते. "डोयेच नाहीत त काय," ते हळूच म्हणाले. तसं ते कधी बोलायचे नाहीत.

त्याच वेळी राजू आला. मोबाईलवाला राजू. तिशीचा, हसतमुख. काउंटर कुठे लावायचं, काच कुठे, याची मापं घ्यायला तो अधूनमधून टेप घेऊन यायचा. वाईट माणूस नव्हता, म्हणून त्याच्यावर रागावताही येत नव्हतं. तो दारातच थबकला.

"चाचा, दाढीत काय चमकून राहिलं?"

मी चिमट्याने स्क्रू काढला. चाचांनी तो डबीत ठेवला, झाकण लावलं आणि राजूकडे वळून पाहिलं. "एवढे चांगले डोये हायत तुये," ते म्हणाले, "अन् मोबाईल विकून राहिला."

राजू हसला. मग माप घ्यायला टेप काढली, किती वाजले ते बघायला मोबाईल काढला. सकाळपासून लोडशेडिंग, मोबाईल केव्हाच बंद पडलेला.

"टाइम काय झाला चाचा?"

चाचांनी मानही वर केली नाही. "कोणता सांगू? रेडिओचा का डेपोचा?"

*

दिवाळीच्या चार दिवस आधी पहिलं घड्याळ पूर्ण झालं. चाचांनी ते तीन दिवस उलटं, सुलटं, आडवं, उभं ठेवून तपासलं. चौथ्या दिवशी सकाळी झाकणाच्या आत काहीतरी कोरलं आणि झाकण घट्ट केलं. काय कोरलं ते मला दाखवलं नाही.

पहिलं घड्याळ बोंडे सरांचं, यात काही चर्चा नव्हती. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अमरावतीहून सकाळच्या एसटीने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. जुनं घड्याळ त्यांनी डाव्या हातावर तसंच ठेवलं आणि नव्यासाठी उजवा हात पुढे केला.

मी पट्टा बांधला. सरांनी तबकडी डोळ्यांजवळ नेली. साय, दोन डोळे, एक श्री, आणि कडेला नुसत्या रेघा.

"वेग मोजायची पट्टी नाही यात?"

"नाही सर."

"बरं केलं. म्या कवा वापरलीच नाही."

मग त्यांनी अंगठा वरच्या बटणावर ठेवला, शर्यतीआधी ठेवायचे तसा. दाबला. लांब काटा सुटला. गुळगुळीत, न अडखळता. आम्ही तिघंही तो फिरताना बघत राहिलो. एक फेरी झाली. डाव्या छोट्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकला. सरांनी अंगठा काढून घेतला.

"बंद करा ना सर," मी म्हणाले. "बटण दाबायचं राहिलं."

"राहू दे," सर म्हणाले.

बाहेर राजू आला होता, त्याच्याबरोबर एक सुतार. शेवटचं माप घ्यायचं होतं. आतलं बघून दोघं पायरीवरच उभे राहिले.

चाचांनी टोपी काढली, हाताने साफ केली, परत घातली. टेबलावरचं फडकं घेऊन सरांच्या मनगटावरची काच एकदा पुसली. पुसून झाल्यावरही हात सोडला नाही.

"पाच वर्षांनी आणा सर," ते म्हणाले. "तेल बदलून देतो."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "हमीद, मी त्र्याऐंशीचा होईन."

"तुमचं कोण विचारून राहिलं? मी घड्याळाचं बोलून राहिलो."

"अन् तू कोठी असशीन?"

"कोठी म्हणजे? इथीच. डोयाचं ऑपरेशन करून घेतो पुढच्या महिन्यात."

काटा फिरत होता. राजूने हातातली टेप सोडली, ती सर्रकन डबीत गेली. त्याने सुताराकडे पाहिलं, मग गल्लीत डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

"चाचा," तो म्हणाला, "बाजूचा गाळा कोणाचा हाय?"